ब्रॉडवेवर पडलेली नाटकं आणि शेरिडन स्क्वेअरचा छोटा हॉल

अमेरिकेत एखादी छोटी नाटक कंपनी शंभरेक खुर्च्यांच्या हॉलमध्ये टेनेसी विल्यम्स नाहीतर यूजीन ओनील अशा जुन्या अमेरिकन नाटककाराचं नाटक काढते तेव्हा बऱ्याच जणांना वाटतं की नवीन संहिता मिळाली नसेल म्हणून जुनं बसवलं. मला हे अजिबात पटत नाही. ही पद्धत कुठून आली ते बघितलं तर उलटंच दिसतं, मोठ्या थेटरात जी नाटकं पडली ती छोट्या जागेत लोकांना पहिल्यांदा नीट भेटली.

विल्यम्सचं 'समर अँड स्मोक' घ्या. मिसिसिपीतलं छोटं गाव, पाद्र्याची मुलगी आल्मा, तिचा शेजारच्या डॉक्टर जॉनवर लहानपणापासून जीव, आणि बहुतेक सगळं नाटक न बोललेल्या गोष्टींवर चालतं. १९४७ मध्ये दिग्दर्शिका मार्गो जोन्सनी ते टेक्सासमधल्या डॅलसला पहिल्यांदा केलं, १९८ खुर्च्यांचं थेटर आणि प्रेक्षक चारही बाजूंना, तिथे ते आवडलं. पुढच्या वर्षी त्याच बाईंनी ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थेटरांच्या भागात, म्युझिक बॉक्स नावाच्या थेटरात नेलं आणि १०२ प्रयोगांत बंद पडलं. आपल्याकडे १०० प्रयोग म्हणजे सत्कार होतो, पण तिकडे आठवड्याला ८ प्रयोग लागतात, म्हणजे जेमतेम तीन महिने. त्यात विल्यम्सचंच 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (तेंडुलकरांनी मराठीत 'वासनाचक्र' केलं तेच) तेव्हा ब्रॉडवेवर जोरात चालू होतं, त्यामुळे तुलना होणारच होती.

१९५१ मध्ये दिग्दर्शक होजे किंतेरो, थिओडोर मान आणि त्यांच्या दोस्तांनी न्यूयॉर्कच्याच ग्रीनिच व्हिलेज या भागात शेरिडन स्क्वेअरला एक बंद पडलेला नाइटक्लब घेतला आणि नाव ठेवलं सर्कल इन द स्क्वेअर. जागेच्या मधोमध खांब, तीन बाजूंना प्रेक्षक, पडदा नाही. एप्रिल १९५२ मध्ये किंतेरोनी इथेच 'समर अँड स्मोक' परत काढलं, आल्मा होती जेराल्डिन पेज. न्यूयॉर्क टाइम्सचे नाट्यसमीक्षक ब्रूक्स अ‍ॅटकिन्सन यांनी मनापासून कौतुक केलं आणि एरवी व्हिलेजकडे न फिरकणारे प्रेक्षक तिकडे यायला लागले, साडेतीनशेहून जास्त प्रयोग झाले. ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे ब्रॉडवेबाहेरची छोट्या थेटरांची रंगभूमी, खऱ्या अर्थानं या प्रयोगापासून सुरू झालं असं आजही मानतात. मला वाटतं यातलं अर्धं श्रेय अंतराला आहे. आल्मा मनातून हललीय हे तिच्या हातांवरून कळायचं असेल तर ते हात तिसऱ्या रांगेतून दिसले पाहिजेत, बाल्कनीतून नाही.

चार वर्षांनी ओनीलचं तसंच झालं, आणि हा किस्सा मला जास्त जवळचा आहे. 'द आइसमन कमेथ' १९४६ मध्ये ब्रॉडवेवर आलं, १३६ प्रयोग झाले, नाटक चार तासांच्या वर, लोक कंटाळले, आणि ओनील १९५३ मध्ये गेला तेव्हा त्याची नाटकं फारसं कोणी करत नव्हतं. किंतेरोनी त्याच्या बायकोकडून, कार्लोटाकडून, परवानगी मिळवली आणि मे १९५६ मध्ये ते त्या जुन्या नाइटक्लबमध्येच उभं केलं. सगळं नाटक घडतं दारूच्या गुत्त्यात, आणि इथे प्रेक्षकच जणू त्या गुत्त्यात येऊन बसलेले. हिकी या मुख्य पात्राच्या कामाला जेसन रोबार्ड्स, तोवर फारसा कोणाला माहीत नसलेला नट, शेवटच्या अंकातलं त्याचं लांबच लांब स्वगत हातभर अंतरावरून ऐकायचं. ५६५ प्रयोग झाले.

त्यामुळे कार्लोटाचा विश्वास बसला आणि तिनं किंतेरोलाच 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट'चे अमेरिकेतले हक्क दिले. ओनीलनी हे आपल्या घरावरचं नाटक आपण गेल्यावर २५ वर्षं छापू नका आणि रंगमंचावर तर कधीच आणू नका असं बजावलं होतं, पण तिनं ते येल युनिव्हर्सिटी प्रेसकडून छापून घेतलं, पहिला प्रयोग फेब्रुवारी १९५६ मध्ये स्टॉकहोमला झाला, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला, आणि १९५७ चं पुलित्झर पारितोषिक त्याला मिळालं. तिनं नवऱ्याचा शब्द मोडायला नको होता असं म्हणणारे आहेत, त्यांचं म्हणणं मी समजू शकतो, तरी ते नाटक कपाटात राहिलं असतं हा विचारच मला सहन होत नाही.

ओनीलच्या सुरुवातीचाही या भागाशी संबंध आहे. १९१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्रॉव्हिन्सटाउन गावाला मासळीच्या धक्क्यावरच्या एका शेडमध्ये त्याची पहिली एकांकिका झाली आणि त्याच वर्षी ती करणारी नाटकमंडळी ग्रीनिच व्हिलेजमध्ये मॅकडूगल स्ट्रीटला आली, शेरिडन स्क्वेअरपासून चालत जाण्याइतकं जवळ.

नंतरचं एकच सांगतो. थॉर्नटन वाइल्डर या अमेरिकन नाटककाराचं 'अवर टाउन' १९३८ चं, नेपथ्य जवळजवळ नाहीच, शाळाशाळांतून होऊन होऊन लोकांना ते गोडगोड वाटायला लागलेलं. दिग्दर्शक डेव्हिड क्रोमरनी ते २००८ मध्ये शिकागोत द हिपोक्रिट्स या छोट्या कंपनीबरोबर केलं आणि २००९ मध्ये न्यूयॉर्कला बॅरो स्ट्रीट थिएटरला आणलं, तेही शेरिडन स्क्वेअरच्या शेजारीच. हॉलमधले दिवे चालू, नट रोजच्या कपड्यांत, दोन-तीन टेबलं आणि खुर्च्या. तिसऱ्या अंकात मेलेली एमिली आपल्या बाराव्या वाढदिवसाच्या सकाळी परत जाते, आणि तिथे मागचा पडदा सरकला की खरंखुरं स्वयंपाकघर, जुन्या काळचे कपडे घातलेली आई चुलीपाशी, तव्यावर बेकन चरचरतंय आणि त्याचा वास शेवटच्या रांगेपर्यंत येतोय.