इरिडियम 'जळालं' नव्हतं

मॅनेजमेंटच्या वर्गांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं की मोटोरोलाचं इरिडियम हे उपग्रहांवर चालणारं फोनचं जाळं बुडालं आणि त्याचे उपग्रह वातावरणात जाळून टाकले. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. नोव्हेंबर 1998 मध्ये सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट 1999 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे 3000 डॉलरचा, विटेएवढा जाडजूड फोन, आणि तोही छताखाली चालत नसे. घेणार कोण?

उपग्रह पाडण्याची तयारी मात्र खरोखर झाली होती. ती थांबली डॅन कोलसी यांच्यामुळे. हा माणूस दूरसंचारातला नव्हताच; पॅन ॲम विमान कंपनीचा माजी अध्यक्ष, निवृत्त. त्यांनी गुंतवणूकदार जमवले, अमेरिकी संरक्षण खात्याला गिऱ्हाईक म्हणून बांधून घेतलं आणि 2000 च्या अखेरीस अब्जावधींची यंत्रणा अवघ्या 2.5 कोटी डॉलरला घेतली.

ती वाचवण्याजोगी का होती, हे त्या गोष्टीत कधीच येत नाही. सुमारे 780 किलोमीटरवर फिरणारे 66 उपग्रह, आणि प्रत्येकाचं चार शेजाऱ्यांशी थेट बोलणं. ध्रुवावरून केलेला कॉल उपग्रहांच्या हातोहात पुढे सरकतो आणि सोयीच्या केंद्रावर उतरतो. वाटेत जमिनीवर काहीच लागत नाही. भर समुद्रातल्या खलाशाला याचं मोल विचारा. म्हणूनच या कहाणीवर 'अपयश' एवढाच शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं.

2017 ते 2019 दरम्यान जुन्यांच्या जागी नवे उपग्रह गेले. सेवा आजही चालू आहे.