मामा, सूर्य आणि माझी चिडचिड

मे महिन्यात पुण्याला मामांकडे पन्हं पीत बसलो होतो. पंच्याने मान पुसत मामा म्हणाले, "उकडणारच. पृथ्वी सूर्याजवळ गेलीय ना सध्या!"

"काय हो मामा, शाळेत शिकलात ना? पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला असतो!" माझा सूर मामीला आवडला नसावा. दुसरा पेला काही पुढे आला नाही.

खरं तर मामा एकटे नाहीत. 1987 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात 23 जणांना ऋतू कशामुळे होतात, चंद्राच्या कला कशामुळे, असलं काहीबाही विचारलं होतं. 21 जण चुकले. चुकणारच, चुलीजवळ गेलं की चटका बसतो, हे रांगतं पोरही शिकतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. जुलैत हेच अंतर 15 कोटी 21 लाख होतं. म्हणजे आपण स्वेटर शोधत असतो, तेव्हा सूर्य 50 लाख किलोमीटरने जवळ असतो!

मग मी मामांवर का चिडलो? एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 साली स्टॅनफर्डमध्ये एक प्रयोग केला. एकाने ओळखीचं गाणं टेबलावर नुसतं टकटक करून वाजवायचं, दुसऱ्याने ते ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. 120 पैकी ओळखली गेली फक्त 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पेटीतबल्यासह अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला मात्र टकटकच ऐकू येते. (आमच्याकडे तर गणपतीची आरतीही कुणाला ओळखेना.) 'साडेतेवीस अंश' ही माझी टकटक होती.

मामीचा चेहरा बघून मी जरा नमतं घेतलं. लिंबू तिरकं धरून फिरवून दाखवलं, जो भाग सूर्याकडे कलतो तिथे ऊन सरळ पडतं, म्हणून उन्हाळा. पुण्यात सूर्य मेच्या मध्याला बरोबर डोक्यावर येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, हेही सांगितलं.

"असं? मग जुलैत का नाही उकडत?"

लिंबू हातातच राहिलं. येल विद्यापीठाच्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी 2002 साली हेच दाखवलं होतं. पँटची चेन, कुलूप, फ्लश कसं चालतं ते ठाऊक आहे का, असं विचारलं की लोक स्वतःला भरघोस गुण देतात. मग पायरीपायरीने लिहायला लावलं, की तेच लोक आपले गुण आपणच कापतात.

थोडा विचार करून म्हणालो, "जुलैत ढग ऊन अडवतात. शिवाय जमीन ओली असते, बरीचशी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते."

"म्हणजे मी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतो, तसंच की रे!" मामा उठलेच. "चल, बादली भर."