नायलॉनमध्ये माती घातली, पण ती नेमकी कुठे गेली?

कॉम्पोझिट, म्हणजे दोन वेगवेगळे पदार्थ एकत्र करून बनवलेला पदार्थ, म्हटलं की लोकांना कार्बन फायबरची सायकल नाहीतर विमान आठवतं, मला मात्र आधी नायलॉन आणि माती आठवते. खरोखरची माती, मॉन्टमोरिलोनाइट नावाची. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात ना, ती करामत याच घराण्यातल्या खनिजांची. १९८० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधन केंद्रातल्या लोकांनी नायलॉन-६ मध्ये जेमतेम ५ टक्के अशी माती घातली आणि नायलॉनचा ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला, शिवाय भाराखाली ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वाकायचं ते १४० च्या पुढे गेलं. पुढे त्याचं गाडीतल्या टायमिंग बेल्टचं कव्हरसुद्धा बनलं.

एवढ्याशा मातीने एवढा फरक कसा? ही माती म्हणजे पत्त्यांचा कॅट समजा, एकेक पान फक्त १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, जाड. कॅट तसाच नायलॉनमध्ये पडून राहिला तर विशेष फायदा नाही, पानं सुटी होऊन नायलॉनभर पसरली तर मात्र मजा. पण पानं सुटली की नाही हे कळणार कसं, साध्या मायक्रोस्कोपला तर ती दिसतच नाहीत.

इथे कामाला येतं एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे लॅबच्या भाषेत एक्सआरडी. एकावर एक रचलेल्या थरांवरून परतणारे एक्स-रे ठरावीक कोनातच एकमेकांना साथ देतात आणि त्या कोनावरून थरांमधलं अंतर निघतं. हे गणित लॉरेन्स ब्रॅगने मांडलं, आणि १९१५ चं नोबेल बाप-लेकाला मिळून मिळालं तेव्हा लेक होता फक्त २५ वर्षांचा! एक्स-रे तांब्यापासून निघतात अशा नळीतल्या एक्स-रेची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर, त्यामुळे थरांचं अंतर १.२ नॅनोमीटर असेल तर कोनानुसार एक्स-रेची तीव्रता दाखवणाऱ्या आलेखात ७.४ अंशांजवळ पीक (म्हणजे टोकदार उंचवटा) येतं, आणि अंतर १.७ झालं की तेच पीक ५.२ अंशांवर सरकतं. अंतर वाढलं की कोन कमी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. माप घेताना पावडर होल्डरमध्ये भरून वरून काचेच्या स्लाइडने अगदी सपाट दाबावी लागते, कारण ती कडेच्या जरा वर-खाली राहिली तरी पीक जागचं हलतं आणि आपल्याला उगाच वाटतं की थर सरकले.

आता गोम अशी की अंतर वाढलं एवढंच एक्सआरडी सांगतं, आत कोण शिरलंय ते सांगत नाही. पाणी शिरलं तरी अंतर वाढतंच, काळी माती दर पावसाळ्यात दुसरं काय करते? म्हणून इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे पदार्थ कोणता इन्फ्रारेड प्रकाश शोषतो यावरून त्यातले रेणू ओळखणं. नायलॉनला आत यायला सोपं जावं म्हणून आधी थरांमधले सोडियम आयन काढून तिथे लांब कार्बन साखळीचे रेणू बसवतात. मग माती नीट धुऊन तिचा स्पेक्ट्रम (शोषलेल्या प्रकाशाचा आलेख) काढला आणि त्यात २९२० आणि २८५० प्रति सेंटीमीटरच्या आसपास शोषणाचे पट्टे दिसले तर कार्बन साखळी धुण्यातही टिकली असं म्हणता येतं. त्यातला २९२० वाला पट्टा थोडा वर, २९२८ कडे सरकला तर साखळ्या ताठ उभ्या नसून वेड्यावाकड्या पडल्यात हेही कळतं, मला तर हे कायमच भन्नाट वाटत आलंय. पण साखळी थरांच्या आत आहे की बाहेरच्या अंगाला चिकटलीये, हे इन्फ्रारेडला एकट्याला सांगता येत नाही, त्यासाठी परत एक्सआरडीच बघायचं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पीक गायब झाल्यावर. पानं पूर्ण सुटली की पीक नाहीसं होतं हे खरं, पण माती फार कमी असली, थर नुसतेच विस्कटले किंवा अंतर इतकं वाढलं की पीक मशीनच्या कोनाच्या टप्प्याखाली गेलं, तरी आलेख तसाच सपाट दिसतो. त्यामुळे नुसता सपाट आलेख दाखवून ‘थर सुटले’ म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो हवाच.

आणि त्याच आलेखात पुढे, २० ते २४ अंशांच्या पट्ट्यात, खुद्द नायलॉनच बदललेलं दिसतं. साध्या नायलॉन-६ ची दोन पीकं २० आणि २४ अंशांजवळ असतात, माती घातली की बऱ्याचदा २१.४ च्या आसपास एक नवीन पीक डोकं वर काढतं, म्हणजे नायलॉनच्या साखळ्यांनी आपली रचनाच बदलली, अल्फाची गॅमा झाली (नायलॉनच्या स्फटिकांच्या दोन रचनांची ही नावं). मग वाढलेल्या ताठपणाचा हिशोब मांडताना सगळं श्रेय मातीच्या पानांना देऊन चालत नाही, या बदललेल्या नायलॉनचाही विचार करावा लागतो.