रिपोर्ट क्लिअर म्हणजे सगळं पहिल्यासारखं?

"ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, रिपोर्ट क्लिअर, आता सगळं पहिल्यासारखं, आणि जगणं कसं चाललंय ते काय मोजता येतं का" असं कायम फिरत असतं. वाटणं साहजिक आहे, स्कॅनमध्ये गाठ दिसते, हात वर नेताना बसणारी ओढ नाही दिसत.

पण मोजता येतं. क्यूएलक्यू-सी३० नावाची ३० प्रश्नांची प्रश्नावली आहे, जड पिशवी उचलताना त्रास होतो का असले साधे प्रश्न, जोडीला ब्रेस्ट कॅन्सरचे वेगळे २३, त्यात हाताची सूज, केस गळणं वगैरे. स्कोअर ० ते १००. गंमत म्हणजे कामं जमण्याच्या भागात १०० उत्तम आणि त्रासाच्या भागात १०० सगळ्यात वाईट, त्यामुळे नुसता आकडा आला तर आधी भाग कुठला ते बघा.

ही इंग्रजी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत, समजा अरबीत, न्यायची तर नुसतं भाषांतर करून भागत नाही, लिहायची अरबी एक आणि मोरोक्को किंवा इराकमध्ये घरात बोलायची वेगळी. म्हणून दोघं वेगवेगळं भाषांतर करतात, ते परत इंग्रजीत उलटवून मुळाशी ताडतात, मग थोड्या पेशंट बायकांनाच विचारतात की यातून तुम्हाला काय कळलं. लैंगिक आयुष्याचे प्रश्न काही जणी कोरे सोडतात, आणि कोरं म्हणजे "त्रास नाही" असं नव्हे. अभ्यास वाचताना असे कोरे रकाने किती होते तेवढं शोधाच.