शेपटीचा आकडा आणि तीन चौकटी

टेबलाच्या कडेला पेला. पहिल्या चौकटीत मांजर पेल्याकडे बघतंय. दुसरीत ते माणसाकडे बघतंय, पुढचा एक पंजा जरासा उचललेला. तिसरीत मांजर जिथल्या तिथे, पेला मात्र नाही. पेला पडताना कुणी काढलेलाच नाही, तरी वाचकाला तो फुटलेला ऐकू येतो. ज्यांच्या घरात मांजर आहे ते तर दुसऱ्याच चौकटीला हसून मोकळे झालेले असतात.

कॉमिकमधली गंमत दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत घडते, आणि त्या पट्टीला मांजराइतकं सोयीचं पात्र नाही. मांजर दबा धरून शिकार करतं. बराच वेळ हलायचंच नाही आणि मग क्षणात सगळं उरकायचं, ही त्याची रीत. त्यामुळे चित्रकाराने फक्त स्थिर क्षण काढायचे. झेप पट्टीत आपोआप बसते. मुरलेला चित्रकार तेच चित्र तीनदा काढतो आणि दर वेळी एकच गोष्ट बदलतो, कान किंवा शेपटीचं टोक. नवशिका प्रत्येक चौकटीत मांजराला नव्याने बसवतो, नव्याने वळवतो आणि विनोद तिथेच मारतो.

हा एवढासा बदल वाचकाला कळतो कसा? चेहऱ्यावरून, असं वाटेल. पण मांजराचा चेहरा वाचण्यात माणसं कच्ची आहेत. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये सहा हजारांहून अधिक लोकांना मांजरांच्या चेहऱ्यांच्या २० छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि मांजर खुशीत आहे की त्रासलेलं ते विचारलं. सरासरी जेमतेम १२ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी १० आलीच असती! चेहरा कोरा असतो म्हणावं तर तसंही नाही. लॉस एंजेलिसमधल्या एका मांजर-कॅफेतल्या ५३ मांजरांचे आपापसांतले व्यवहार चित्रित करून केलेला अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चेहऱ्याचे २७६ वेगवेगळे हावभाव मोजले गेले. ते बारीक असतात आणि पटकन विरतात, एवढंच.

म्हणून चित्रकारापुढे दोन वाटा असतात. एक, मांजराला माणसाच्या भुवया आणि माणसाचं हसू चिकटवायचं. हे सोपं, सगळ्यांना कळणारं आणि खरं सांगायचं तर थोडं आळशी. दुसरी, चेहरा जवळपास कोराच ठेवून कान, शेपटी, पाठ यांना बोलायला लावायचं. मांजरवेड्या माणसाला आपलंच मांजर दिसतं ते या दुसऱ्या वाटेवर.

डोळ्यांचं प्रकरण मात्र वेगळं आहे. मोठं कपाळ, चेहऱ्याच्या खालच्या भागात आलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, इवलंसं नाक ही बाळाची ठेवण दिसली की माणसाला माया वाटते, असं प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांनी १९४३मध्ये मांडलं होतं. मांजर मोठं झालं तरी ही ठेवण बरीचशी टिकते. त्याच्या नेत्रगोलाचा व्यास साधारण २२ मिलिमीटर, माणसाचा २४. एवढ्याशा डोक्यात जवळपास आपल्याएवढा डोळा! म्हणजे कॉमिकमधले टपोरे डोळे ही मुळातल्या खऱ्या गोष्टीचीच अतिशयोक्ती आहे. बिघडतं ते डोळ्याच्या पांढऱ्या भागापाशी. मांजराच्या उघड्या डोळ्यात तो फारसा दिसत नाही. पांढऱ्या लंबगोलात काळा ठिपका काढला की नजर कुठे आहे ते लगेच कळतं, पण मांजर माणसासारखं, बहुतेकदा दचकलेल्या माणसासारखं दिसू लागतं.

डोळ्याच्या बाहुलीनेही बरंच साधतं. मांजराच्या बाहुलीचं क्षेत्रफळ सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या स्थितीत सुमारे १३५ पटींनी बदलतं, माणसाचं १५ पटींनी. भर उजेडात ती उभी चीर होते; अंधारात, भीतीत किंवा झेप घेण्याआधी वाटोळी. उन्हात लोळणाऱ्या मांजराला काळीभोर वाटोळी बाहुली काढली, की जाणता वाचक पुढच्या चौकटीत हल्ल्याची वाट बघू लागतो.

आता अर्धे मिटलेले डोळे. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, आणि चित्रपुस्तकांतही मिटत आलेले डोळे म्हणजे सुख असा सरधोपट हिशेब असतो. निवांत मांजर डोळे बारीक करतं हे खरं. आपण त्याच्याकडे बघत सावकाश पापण्या मिटल्या तर तेही तसंच उत्तर देण्याची शक्यता वाढते, असं २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. पण दुखत असलेलं मांजरही डोळे बारीक करतं. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९मध्ये वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी बघायच्या: कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोक्याची उंची. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. बेरीज ४ किंवा जास्त आली तर वेदनाशामकाचा विचार करायचा. कान समोर, तोंड गोलसर, मिशा सैल आणि बाकदार, डोकं खांद्यांच्या वर, तर शून्य. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, तोंड ताणून चपटं झालेलं, मिशा सरळ ताठ, डोकं खांद्यांच्या रेषेखाली आणि डोळे बारीक, तर पूर्ण १०. चित्रकाराला यापेक्षा चांगला धडा सापडणार नाही. गोंडस म्हणून काढलेलं कितीतरी ‘झोपाळू’ मांजर या पट्टीवर आजारी ठरतं. दुरुस्तीही सोपी आहे: डोळे तसेच ठेवा, कान समोर वळवा, डोकं वर घ्या.

शेपटीबाबत सर्वांत मोठी चूक कुत्र्याकडून उसनी आलेली असते. जोरजोरात हलणारी शेपटी म्हणजे वैतागलेलं किंवा फार उत्तेजित झालेलं मांजर. भेटल्याचा आनंद असेल तर शेपटी उभी राहते, आणि टोकाला बऱ्याचदा आकडा, म्हणजे हूकसारखा बाक, येतो. दारातून आत येणारं मांजर पाठमोरं काढलं, चेहरा दाखवलाच नाही आणि शेपटी आकड्यासारखी उभी केली, तरी पुरतं.

शरीर काढताना सुरुवात डोक्यापासून करू नये. आधी कण्याची एकच सलग वक्ररेषा, शेपटीच्या टोकापर्यंत. मग खांदा आणि मागचा पुठ्ठा (कमरेमागचा मांसल भाग) असे दोन उंचवटे, त्यानंतर डोक्याचं वर्तुळ, आणि घड्याळात १० आणि २ असतात तिथे कान. पाय शेवटी. मांजर बोटांवर चालतं; मागच्या पायाचा जो सांधा उलट्या गुडघ्यासारखा दिसतो ती त्याची टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ, केसांत लपलेला. गुडघा समजून टाच पुढच्या बाजूला वाकवली, की चार पायांवर चालणारा माणूस तयार होतो. पुढच्या पंजाला पाच बोटं, मागच्याला चार. पुढच्या पायाचं पाचवं बोट वर असल्यामुळे ठशात उमटत नाही, म्हणून बर्फातली पावलं काढताना सगळीकडे चारच. मागचा पंजा पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो, त्यामुळे माग जवळजवळ एका ओळीत जातो.

मांजराची विज्ञानाने काढलेली चित्रमालिकाही आहे. १८९४मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी उलटं सोडलेलं मांजर पडताना एकापाठोपाठ छायाचित्रांत टिपलं. हवेत टेकायला काही नसताना ते वळतं कसं, हा वाद होता. चौकटी ओळीने बघितल्या की उत्तर मिळतं: आधी पुढचे पाय आखडून, मागचे पसरून शरीराचा पुढचा अर्धा भाग फिरवतं, मग उलट करून मागचा. आखडलेला भाग सहज फिरतो, पसरलेला जागचा फारसा हलत नाही. पडतं मांजर काढताना मधली एक चौकट तरी अशी पिळलेली हवी. पाठीवरून थेट पायांवर आणलं तर ते उशीसारखं पडतं.

छपाईत दोन घात ठरलेले. चित्रपुस्तक साधारणपणे ३२ पानांचं, म्हणजे १६ पानांचे दोन फॉर्म (एकत्र छापून दुमडलेले कागद). मांजर दोन समोरासमोरच्या पानांवर ऐसपैस पसरलं असेल तर मधल्या दुमडीपासून डोळा निदान १५ मिलिमीटर दूर हवा, नाहीतर बाइंडिंग तो गिळतं. दुसरा घात काळ्या मांजराचा. एकटी काळी शाई मोठ्या भागात करडी दिसते, म्हणून तिच्याखाली निळ्या शाईचा सुमारे ४० टक्के थर देतात. छपाईच्या चारही शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) पूर्ण भरल्या तर वाळत नाहीत आणि समोरच्या पानाला लागतात. आणि निळा थर दिल्यावर रंग किंचित सरकले की काळ्यावर सोडलेल्या पांढऱ्या मिशा निळसर होतात; त्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नयेत.

लोकरीचा गुंडा चित्रात शोभतो, घरात नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, म्हणून धागा थुंकण्याऐवजी आत सरकत जातो आणि आतडी गोळा करू शकतो. पिल्लांचे डोळे जन्मानंतर साधारण ७ ते १४ दिवसांनी उघडतात आणि तेव्हा निळेच असतात, त्यामुळे टोपलीतल्या नवजात पिल्लाला हिरवे डोळे देऊ नयेत.

रंगांत आणखी एक सापळा आहे. मराठीत ‘ते मांजर’ म्हणून सुटता येतं, पण गोष्टीत त्याला बोका म्हणायचं असेल तर अंगावर काळे आणि नारिंगी ठिपके एकत्र नकोत. नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. भाटीला दोन एक्स, आणि प्रत्येक पेशीत त्यातलं एकच चालू राहतं, म्हणून ठिपके मिसळतात. बोक्याला एकच एक्स, म्हणून त्याला दोन्ही रंग सहसा मिळत नाहीत. असा बोका अत्यंत दुर्मीळ, आणि असला तर बहुधा एक जादा एक्स घेऊन आलेला, पिल्लं होऊ न शकणारा. काळा-पांढरा किंवा नारिंगी-पांढरा बोका खुशाल काढावा. नारिंगी असेल तर अंगावर फिकट का होईना, पट्टे द्यावेत.