सांबऱ्याहून मुंबई : अंतर किती, वेळ किती?

"अर्ध्या तासाचं तर अंतर, मग तिकिटावर तासाभराहून जास्त कसा?" खानापूरचे आमचे मामा मोबाइल पुढं करून विचारत होते. हिशेब शाळेतला, चोख. बेळगावचा सांबरा विमानतळ ते मुंबई सरळ रेषेत साधारण ४०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८००. झाला की अर्धा तास!

त्यातला ४०० चा आकडा बरोबर आहे. हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांमध्ये ताणून धरलेली दोरी. विमान कुठलं, पाऊस किती, याच्याशी तिला देणंघेणं नाही. (रस्त्याचं अंतर आणखी तिसरंच. निपाणी, कोल्हापूर, पुणे करत ते ५०० च्या आसपास जातं.)

तिकिटावरचा वेळ मात्र निव्वळ हवेतला नसतोच. विमान उभ्या जागेवरून हललं की मोजणी सुरू, आणि मुंबईत ठरलेल्या जागी थांबलं की बंद. सांबऱ्याला धावपट्टी गाठायला फार वेळ लागत नाही. खरी गंमत मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान वरच घिरट्या घालतं. उतरल्यावरही रांगत रांगत जागेवर जायचं असतं. विमान कंपन्या असा उशीर आधीच धरून वेळापत्रक लावतात. 'आज वीस मिनिटं लवकर पोचलो' म्हणून आपण खूश होतो ते बहुतेक वेळा याच राखीव मिनिटांवर.

आणि ताशी ८०० चा वेग? तो उंचावर, सरळ उडतानाचा. १०,००० फुटांच्या खाली वेग साधारण २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. एवढ्या जवळच्या प्रवासात विमान वर चढून जरा स्थिरावतंय तोवर उतरायची तयारी सुरू होते. त्यात पंख्याचं छोटं एटीआर विमान असलं तर त्याचा वेगच ताशी ५०० च्या आसपास.

म्हणून दिल्ली बघा. सांबऱ्याहून ती सुमारे १,४३० किलोमीटर, मुंबईच्या साडेतीन पट. वेळ मात्र जेमतेम दुप्पट, अडीच तासांच्या घरात. चढणं, उतरणं, रांगणं हा खर्च दोन्हीकडं जवळपास तेवढाच. वाढतो तो फक्त मधला वेगवान टप्पा.

दुबईला जाणाऱ्यांचा घोळ निराळा. मुंबईहून सकाळी १० ला निघून तिथल्या घड्याळात पावणेबाराला उतरलात, तर प्रवास पावणेदोन तासांचा नव्हे, सव्वातीन तासांचा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे, आणि तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या छापतात.

मामांना हे पटलं. लगेच पुढचा प्रश्न : "मग गोव्यातलं मोपा विमानतळच बरं की रे, जवळच आहे." नकाशात आहेच जवळ, सांबऱ्यापासून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास. पण मधे चोर्ल्याचा घाट आहे, आणि पावसाळ्यात एखादा ट्रक वळणावर अडकला की मोपाचं विमान मामांसाठी थांबणार नाही. मामांनी मुकाट्यानं सांबऱ्याचं तिकीट काढलं. कुंद्याचा डबा मात्र हातातल्या बॅगेतच ठेवणार म्हणाले.