इंग्रजी भूतकाळी क्रियापदांचा अव्ययांशी संयोग

इंग्रजीतील अनेक क्रियापदे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘डाउन’, ‘ॲट’, ‘फॉर’ अशा लहान अव्ययांसह येतात आणि पुष्कळदा त्या जोडीचा अर्थ मूळ क्रियापदाच्या अर्थाहून निराळा असतो. वाक्य भूतकाळात गेले की काळाची खूण फक्त क्रियापदावर उमटते, अव्यय जसेच्या तसे राहते. त्यामुळे ‘गिव्ह अप’चे ‘गेव्ह अप’ आणि ‘लुक आफ्टर’चे ‘लुक्ड आफ्टर’ होते. या रचनेला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणण्याची पद्धत लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या लेखनापासून रूढ झाली. परभाषकांची सर्वांत मोठी अडचण मात्र हीच आहे, असे सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मधील आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवले होते.

बडोद्यातील मराठी भाषकांना ही अडचण दोन भाषांच्या सवयींतून जाणवते. घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलणारा विद्यार्थी येथे उच्च शिक्षणासाठी इंग्रजीकडे वळतो. श्री अरविंद घोष यांनी ज्या बडोदे कॉलेजात इंग्रजी शिकवले, त्याची परंपरा पुढे चालवणाऱ्या आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे. या विद्यार्थ्याच्या दोन्ही भाषांत संयुक्त क्रियापदे विपुल आहेत, पण त्यांत काळ दाखवण्याचे काम शेवटचा घटक करतो. मराठीत ‘त्याने चिठ्ठी फाडून टाकली’ आणि गुजरातीत ‘एणे चिठ्ठी फाडी नाखी’ अशी वाक्ये होतात. दोन्हींत भूतकाळ शेवटच्या शब्दावर आहे आणि तो शब्द कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. कागद असेल तर ‘फाडून टाकला’, चिठ्ठ्या असतील तर ‘फाडून टाकल्या’. इंग्रजीत हीच गोष्ट ‘ही टोअर अप द लेटर’ अशी सांगतात. तेथे काळ पहिल्या शब्दावर असतो, क्रिया पूर्ण झाल्याचा भाव दुसऱ्या शब्दात असतो, आणि पत्र एक असो वा दहा, ‘टोअर अप’ बदलत नाही. जो घटक आपल्याकडे काळ, लिंग आणि वचन असा सगळा भार उचलतो, त्याच्या जागी इंग्रजीत अविकारी शब्द उभा असतो. मराठी विद्यार्थी येथे का अडखळतो, याचे मुख्य कारण या उलट्या वाटणीत आहे असे मानावे लागते.

क्रियापदानंतर आलेले अव्यय क्रियाविशेषण आहे की नामाशी जोडले जाणारे प्रेपोझिशन आहे, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. मराठी व्याकरणात असाच भेद शिकवला जातो: ‘तो वर गेला’ यात ‘वर’ हे क्रियाविशेषण अव्यय, तर ‘छतावर’ यात तेच शब्दयोगी अव्यय. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटते, त्यामुळे ते डोळ्यांना दिसते. इंग्रजीत दोन्ही सुटेच लिहितात, म्हणून भेद वाक्याच्या वागणुकीवरून ओळखावा लागतो. कोणी पावागडाची चढण धावत चढला तर ‘ही रॅन अप द हिल’ म्हणतात, आणि कोणी न्यायमंदिराजवळच्या दुकानात उधारी वाढवून ठेवली तर ‘ही रॅन अप द बिल’. दोन्ही वाक्यांचा सांगाडा कानाला एकच वाटतो. पण पहिल्यात ‘अप’ हे टेकडीशी बांधलेले प्रेपोझिशन आहे, दुसऱ्यात ते क्रियापदाशी बांधलेले क्रियाविशेषण आहे. ‘ही रॅन द बिल अप’ हे चालते, ‘ही रॅन द हिल अप’ हे चालत नाही. नामाऐवजी ‘इट’ घातले की फरक अधिक स्पष्ट होतो. टेकडीसाठी ‘रॅन अप इट’ असेच म्हणावे लागते आणि बिलासाठी ‘रॅन इट अप’ असेच. सर्वनाम कोठे बसते, ही कसोटी शाळेतील कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक भरवशाची आहे. तिच्याच आधारे ‘शी लुक्ड इट अप’ (कोशात शोधले) आणि ‘शी लुक्ड ॲट इट’ (पाहिले) यांतील क्रमाचा उलगडा होतो. ‘रॅन आउट ऑफ’, ‘पुट अप विथ’ अशा तीन शब्दांच्या रचनांत क्रियाविशेषण आधी आणि प्रेपोझिशन नंतर येते. कर्म बहुधा शेवटीच राहते.

उच्चारातही हा भेद ऐकू येतो. क्रियाविशेषणावर सहसा आघात पडतो, तर ‘ॲट’, ‘फॉर’ यांसारखी एकाक्षरी प्रेपोझिशने दुबळी उच्चारली जातात. नियमित भूतकाळाचा प्रत्यय आधीच्या ध्वनीनुसार ‘ट’, ‘ड’ किंवा ‘इड’ असा होतो आणि पुढचे अव्यय स्वराने सुरू होत असेल तर त्यात मिसळतो. ‘पिक्ड इट अप’ हे बोलताना जवळजवळ ‘पिक्टिटप’ असे होते. ‘टर्न्ड डाउन’मध्ये दोन ‘ड’ एकत्र आल्याने भूतकाळ कानाला जेमतेम कळतो. श्रुतलेखनात तो प्रत्यय गळला, तर मुलाने व्याकरण चुकवले असे लगेच ठरवणे अन्यायाचे आहे.

नकारात आणि प्रश्नात काळ ‘डिड’कडे जातो आणि क्रियापद मूळ रूपात परतते, म्हणून ‘डिड नॉट गिव्ह अप’ हे बरोबर आणि ‘डिड नॉट गेव्ह अप’ हे चूक. ‘पुट’, ‘कट’, ‘सेट’, ‘शट’ ही भूतकाळात बदलत नाहीत. ‘दे पुट ऑफ द मीटिंग’ यातील काळ संदर्भावरून घ्यावा लागतो. कर्मणी प्रयोगात अव्यय टिकते: ‘द चाइल्ड वॉज लुक्ड आफ्टर’. वाक्य अव्ययावर संपणे मराठी कानाला अपुरे वाटते, त्यामुळे येथे ‘आफ्टर’ गाळण्याची चूक वारंवार होते.

परीक्षेच्या गाइडांत ही क्रियापदे वर्णानुक्रमे दिलेली असतात आणि विद्यार्थी ती अर्थासह घोकतात. ती अव्ययानुसार गटांत लावली तर अधिक उपयोग होतो. ‘एट अप’, ‘यूज्ड अप’, ‘टोअर अप’ यांत ‘अप’ क्रिया शेवटास गेल्याचे सांगते, जे काम आपल्याकडे बहुधा ‘टाकणे’ करते. ‘गेव्ह अप’सारखी काही रूपे मात्र स्वतंत्रपणेच लक्षात ठेवावी लागतात.

प्रेपोझिशनच्या चुकांमागे बहुतेक वेळा मातृभाषेची विभक्ती असते. ‘त्याची वाट पाहिली’ आणि ‘एनी राह जोई’ या दोन्हींत ‘फॉर’ला जागा नाही, म्हणून ‘वेटेड हिम’ असे लिहिले जाते. ‘गाणे ऐकले’ म्हणणारा ‘लिसन्ड’नंतरचा ‘टू’ विसरतो. उलट ‘विषयावर चर्चा केली’ या सवयीने ‘डिस्कस्ड अबाउट’ आणि ‘स्टेशनला पोहोचलो’ या सवयीने ‘रीच्ड टू’ अशी जादा अव्यये शिरतात. काही रूपे तर भारतीय इंग्रजीत रुळलेलीच आहेत. पदवी घेतलेला बडोद्याचा तरुण ‘आय पास्ड आउट लास्ट इयर’ म्हणतो आणि येथे ते सर्वांना समजते. ब्रिटनमध्ये ‘पास आउट’ लष्करी किंवा पोलीस प्रशिक्षण पूर्ण करण्यासाठी वापरतात, आणि एरवी त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो.